व्यायाम काही चुकत नाही

गुडघा हा माणसाच्या शरीरातला सर्वांत मोठा सांधा आहे आणि कामाच्या मानाने त्याची बांधणी बरीच भाबडी आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे, समोर वाटी. खुब्यात निदान गोळा आणि खोबण असते. गुडघ्यात मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. हाडांनी हाडांना धरून ठेवावे अशी सोय तिथे नाही. ती जबाबदारी प्रामुख्याने चार लिगामेंटांवर टाकलेली आहे: दोन बाजूंना दोन आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना छेदून जाणारी दोन. आतल्या दोघांपैकी पुढचे लिगामेंट म्हणजे एसीएल. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा जागचा हलू नये, एवढे पाहणे हे त्याचे काम. ते शाबूत असेपर्यंत घरात त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. तुटले की आठवड्याभरात आजीसुद्धा एसीएल हा शब्द बिनचूक म्हणू लागते.

हे लिगामेंट तुटण्याची रीत मात्र खेळाडूच्या प्रतिष्ठेला साजेशी नसते. जोराची धडक बसून ते तुटते असा सर्वसाधारण समज असला, तरी बहुतेक वेळा खेळाडूला कोणी हातही लावलेला नसतो. भरधाव पळताना तो एकदम थांबतो, पाय रोवून दिशा बदलतो किंवा उडीनंतर गुडघा पुरेसा न वाकवता एका पायावर उतरतो. तेवढ्यात काम होऊन जाते. सामन्यांच्या चित्रफिती तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत लिगामेंट तुटलेले असते. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, स्कीइंग हे यासाठी प्रसिद्ध खेळ. आपल्याकडे त्यांत कबड्डी, कुस्ती आणि खो-खोची भर पडते. खो-खोत पळणाऱ्याने पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी द्यायची असते. कधीकधी ती त्याच्याच गुडघ्याला मिळते. एकाच खेळात पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत दुपटीने किंवा त्याहूनही अधिक आढळते. शिवाय रात्री दहा ते अकरा टर्फ भाड्याने घेऊन क्रिकेट खेळणाऱ्या चाळिशीतल्या नोकरदारांचा एक वर्ग अलीकडे उदयाला आला आहे. त्याची स्वतंत्र नोंद अजून क्रीडावैद्यकाच्या ग्रंथांत नसली, तरी ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत आहे.

कोणी धक्का दिलेला नसल्यामुळे पुढे एक सामाजिक अडचण उभी राहते. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “कोणाला धडकलास?” आणि “कोणालाच नाही, नुसता वळलो,” या उत्तराने दोघांचाही हिरमोड होतो. म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत हकिकतीत एक प्रतिस्पर्धी शिरतो आणि आठवड्याअखेर त्याचे वजन नव्वद किलो होते.

लक्षणांचा क्रम ठरलेला आहे. आधी गुडघ्यातून ‘कट्ट’ असा आवाज येतो, जो पुष्कळदा शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जातो. मग वेदना. लिगामेंटमधल्या रक्तवाहिन्या फाटून सांध्यात रक्त साचते आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. या अवस्थेत करायचे ते एवढेच: खेळ थांबवावा, बर्फाने शेकावे, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर ठेवावा. पण ज्या उपचाराला पैसे पडत नाहीत त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्यामुळे आत्या महानारायण तेल काढतात, शेजारचे काका निर्गुडीचा पाला घेऊन येतात आणि मित्रमंडळींपैकी कोणीतरी, ज्याने एकदा कोणाचा तरी खांदा बसवलेला असतो, “जरा ओढून बघू का?” असे म्हणत पुढे सरसावतो. तेल आणि पाला यांनी फारसे बिघडत नाही. शेवटच्या गृहस्थाला मात्र खोलीबाहेर ठेवावे.

या दुखापतीचा सर्वांत फसवा भाग यानंतर येतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणे कमी होते, माणूस बऱ्यापैकी चालू लागतो. “नुसता मुरगळला होता,” असा निकाल घरात एकमताने लागतो. मग तो जिना उतरताना किंवा रस्त्यात मागून कोणी हाक मारली म्हणून वळताना गुडघा अचानक निसटतो. गुडघ्याने असा दगा देणे हे या दुखापतीचे खरे दुखणे. वेदनेपेक्षा ते वाईट, कारण पाय खाली ठेवण्याआधी दर वेळी विचार करावा लागतो.

निदानासाठी लॅकमन चाचणी करतात. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून डॉक्टर एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहतात. लिगामेंट धड असेल तर ओढ एका जागी खटकन थांबते. तुटले असेल तर नडगी पुढे येतच राहते. जाणकार हातांना याला दहा सेकंद लागतात. पण दहा सेकंदांत मिळालेल्या निदानाने कोणत्याही कुटुंबाचे समाधान होत नाही, म्हणून एमआरआय काढतात. त्याचा उपयोग नाही असे नव्हे. गुडघ्यातल्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, फाटल्या आहेत का, हे त्यातच नीट कळते. फिल्म घरी आली की ती ट्यूबलाइटसमोर धरली जाते, बरेचदा उलटी, आणि घरातले कर्ते पुरुष तिच्याकडे पाहून गंभीरपणे मान हलवतात.

आता मुख्य प्रश्न: ऑपरेशन करायचे की नाही?

गुडघ्याच्या दोन बाजूंच्या लिगामेंटांपैकी आतल्या बाजूचे तुटले तर ते बहुधा आपले आपण भरून येते. एसीएलचे तसे नाही, असे अनेक वर्षे ठामपणे सांगितले गेले. कारण ते सांध्यातल्या द्रवात असते. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि भरून येण्याची सुरुवातच होत नाही. शिवून टाकण्याचे पूर्वीचे प्रयत्नही फारसे यशस्वी झाले नाहीत. म्हणून प्रचलित शस्त्रक्रियेत जुने लिगामेंट जोडत नाहीत, नवे बसवतात. त्यासाठी मांडीच्या मागच्या बाजूचा, वाटीखालचा किंवा वाटीवरचा कंडरा काढतात. दुर्बिणीतून पाहत हाडांना भोके पाडून तो कंडरा जुन्या लिगामेंटच्या वाटेने ओवतात आणि स्क्रूने किंवा धातूच्या बटणाने पक्का करतात. म्हणजे गुडघ्यातली एक उणीव भरताना जवळपास दुसरी तयार होते, आणि मांडीच्या ज्या स्नायूचा कंडरा घेतला त्यालाही पुढे व्यायाम द्यावा लागतो.

ऑपरेशनच्या बाजूने एक मोठा मुद्दा असा, की ते दिसते. दवाखान्यात राहावे लागते, कुबड्या मिळतात, गुडघ्यावर व्रण राहतो. लोक शहाळी आणि मोसंबी घेऊन पाहायला येतात, रजा मंजूर होते, मेडिक्लेमचे कागद भरता येतात. व्यायामाने बरे होणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. सहा महिने रोज तासभर घाम गाळणाऱ्या माणसाला पाहायला शहाळे घेऊन कोणी आल्याचे ऐकिवात नाही. फिजिओथेरपीची बिले सहसा स्वतःच्या खिशातून जातात. आणि “ऑपरेशन करणार नाही, व्यायाम करणार आहे,” असे सांगितले की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, “पैशांची काही अडचण आहे का?”

प्रत्यक्षात या पर्यायाला भक्कम आधार आहे. स्वीडनमध्ये झालेल्या आणि कॅनन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत एसीएल नुकतेच तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या व्यक्तींचे दोन गट केले होते. ६२ जणांचे ऑपरेशन लवकर करायचे. ५९ जणांनी आधी व्यायाम करायचा आणि गुडघा दगा देतच राहिला तर नंतर ऑपरेशन. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षांनंतरच्या निष्कर्षांत दुखणे, रोजच्या हालचाली आणि खेळ यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतले होते. पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना टेबलावर जावेच लागले नाही. नेदरलँड्समधल्या १६७ रुग्णांच्या अभ्यासातही आधी व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्म्यांचेच पुढे ऑपरेशन झाले; लवकर ऑपरेशन झालेल्यांची स्थिती दोन वर्षांनी किंचित सरस होती, पण तो फरक रोजच्या आयुष्यात जाणवण्याइतका आहे का, याबद्दल संशोधकच साशंक होते.

व्यायामवाद्यांनी एवढ्यावर पेढे वाटू नयेत. ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुखापत जुनी असलेले, गुडघा वारंवार निसटणारे लोक होते. त्यांच्यात ऑपरेशनचा गट सरस ठरला आणि व्यायामाच्या गटातले ४१ टक्के लोक पुढे ऑपरेशनकडे वळले. गंमत म्हणजे ज्यांच्या वाट्याला ऑपरेशन आले होते, त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांनी ते करून घेतलेच नाही. माणसाला जे मिळते त्यापेक्षा दुसऱ्याला मिळालेले बरे वाटते, हे तत्त्व गुडघ्यालाही लागू आहे.

एसीएल भरून येतच नाही, हा सिद्धांतही आता पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही. कॅननमधल्या केवळ व्यायामावर राहिलेल्या ज्या तीस जणांचे एमआरआय तपासले गेले, त्यांच्यापैकी १६ जणांच्या एमआरआयमध्ये दोन वर्षांनी लिगामेंट पुन्हा जुळल्याची चिन्हे दिसली. ऑस्ट्रेलियात तर गुडघा चार आठवडे ९० अंशांत वाकवून पट्ट्यात अडकवून ठेवायचा आणि मग बारा आठवड्यांपर्यंत हळूहळू मोकळा करायचा, अशी पद्धत निघाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या नोंदींत ७२ जणांच्या एमआरआयमध्ये तीन महिन्यांनी जुळण्याची खूण होती. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि फिल्मवर जुळलेले लिगामेंट मैदानावर किती टिकेल हा निराळा प्रश्न, हे ध्यानात ठेवावे. चार आठवडे एक पाय काटकोनात ठेवून संसार करणे, हे त्या अभ्यासाचे मोजमापात न आलेले अंग होय.

लिगामेंटविना खेळून दाखवणाऱ्यांची उदाहरणेही आहेत. अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड याच्या डाव्या गुडघ्यात एसीएल नाही, हे तो व्यावसायिक संघांच्या वैद्यकीय तपासणीला गेला तेव्हा उघड झाले. ते लहानपणी सायकलवरून पडल्यावर गेले असावे. २००६ मध्ये सुपर बोल या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बास्केटबॉलपटू डेजुआन ब्लेअर दोन्ही गुडघ्यांत एसीएल नसताना एनबीएत खेळला. टायगर वुड्सचे डाव्या गुडघ्याचे एसीएल २००७ मध्ये ब्रिटिश ओपननंतर धावताना तुटले. त्याने ऑपरेशन टाळले आणि त्याच ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. जून २००८ मध्ये त्याच पायाच्या नडगीला ताणाने बारीक तडे गेलेले असताना टॉरी पाइन्सच्या यूएस ओपनमध्ये तो ९१ होल चालला आणि जिंकला. त्यानंतर मात्र महिनाही न लोटता त्याने गुडघ्याचे ऑपरेशन करून घेतले आणि उरलेला हंगाम घरी काढला. या एकाच गुडघ्याचा दाखला दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने, अर्ध्यावर थांबवून देतात.

भारतात दोन्ही वाटांची ठळक उदाहरणे कुस्तीत सापडतात. बजरंग पुनियाचा गुडघा जून २०२१ मध्ये रशियात दुखावला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदकाची लढत गुडघ्याला पट्टी न बांधता खेळली आणि ८-० ने जिंकली. परतल्यावर लिगामेंट फाटल्याचे निदान झाले. सल्ला मिळाला तो सहा आठवड्यांच्या फिजिओचा. त्यापायी जागतिक स्पर्धा हुकली, पण पुढच्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. विनेश फोगाटच्या डाव्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात तिने पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तिथे दगा गुडघ्याने दिला नाही, वजनकाट्याने दिला.

आता व्यायामाविषयी. दुखापतीनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूम क्षीण होतो. स्नायूला काही झालेले नसते, तरी तो आखडता हात घेतो आणि पाहता पाहता मांडी बारीक होते. म्हणून पहिला धडा त्याला जागे करण्याचा. खेळाडू पाय लांब करून बसतो, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो, मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबतो आणि दहापर्यंत मोजतो. मग सोडतो. मग पुन्हा दाबतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीही घडताना दिसत नाही. एरवी कबड्डीत चौघांना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठणारा गडी कपाळावर घाम आणून टॉवेलशी झुंजत असतो आणि आई दारातून विचारते, “व्यायाम केव्हा करणार आहेस?”

या टप्प्यात सूज घालवणे आणि गुडघा पूर्ण सरळ करणे ही दोन उद्दिष्टे. वाकवण्याची घाई सगळ्यांना असते, कारण मांडी घालून जेवायला बसणे हीच आपल्याकडे बरे झाल्याची खूण आहे. पण आधी गुडघा सरळ होणे महत्त्वाचे, नाहीतर चाल कायमची बिघडते. दुसऱ्या टप्प्यात स्थिर सायकल, अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, लेग प्रेस, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणे. हे शेवटचे काम दात घासताना करावे, असे फिजिओ सुचवतात. त्यामुळे बेसिनसमोर एका पायावर उभा असलेला माणूस पाहून घरातल्या लहान मुलांना पुष्कळ आनंद मिळतो. तिसऱ्या टप्प्यात धावणे, उड्या, मग दिशा बदलणे, आणि सर्वांत शेवटी आपल्या खेळातली ती नेमकी हालचाल, जिने हे सगळे ओढवले.

या मार्गावरचा मुख्य शत्रू वेदना नाही, कंटाळा आहे. पहिल्या आठवड्यात खेळाडू सांगितल्यापेक्षा दुप्पट करतो, सहाव्यात सांगितले तेवढे, दहाव्यात फिजिओकडे जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकदम. फिजिओला हे विचारावे लागत नाही. तो टेप काढतो, वाटीच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. तोंडाने काहीही सांगता येते. मांडीला खोटे बोलता येत नाही.

सगळ्यांनाच ही वाट मानवते असे नाही. फाटलेली गादी सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल, एकाहून अधिक लिगामेंटे गेली असतील किंवा प्रामाणिक व्यायामानंतरही गुडघा निसटत असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. कारण दर निसटण्याबरोबर गादी फाटण्याचा धोका वाढतो. सतत वळावे-थांबावे लागणाऱ्या खेळातल्या तरुण खेळाडूंनाही बहुतांशी ऑपरेशनच सुचवले जाते. जो पोहतो, सायकल चालवतो, सरळ रेषेत धावतो किंवा आपल्या खेळाला रामराम ठोकायला तयार असतो, त्याचे व्यायामावर छान भागू शकते. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तर एका पायावरच्या उड्या, गुडघा किती वेळा निसटला आणि खेळाडूचे स्वतःचे मत यांवरून अंदाज बांधण्याची पद्धतच बसवली. गुडघ्याची झीज मात्र पुढे दोन्ही पक्षांना गाठू शकते. ऑपरेशनने तिला हमखास आळा बसतो असे दिसलेले नाही.

ऑपरेशन म्हणजे व्यायामातून सुटका, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याचा निकाल इथेच लावावा लागतो. कॅनन चाचणीत दोन्ही गटांनी सारखाच व्यायामक्रम केला होता. बसवलेला कंडरा पहिल्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतो, मग हळूहळू लिगामेंटचे गुण घेतो. दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबलेले असते. म्हणून ‘आता काहीच दुखत नाही’ हा काळ सर्वांत धोक्याचा. टॉवेल, बैठका, बेसिनसमोरचा तोल, यांतले काहीही ऑपरेशनवाल्याला चुकत नाही. उलट नव्याने झालेल्या जखमेमुळे त्याला ते पहिल्यापासून करावे लागते. तेव्हा निवड ऑपरेशन आणि व्यायाम यांत नसतेच. नुसता व्यायाम की ऑपरेशनसह व्यायाम, एवढीच ती असते. हे ऐकून पुष्कळ रुग्ण तिसरा पर्याय विचारतात. तो नाही.

मैदानावर परतण्याची परवानगी कॅलेंडरवर देत नाहीत, चाचण्यांवर देतात. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या अलीकडे-पलीकडे उड्या आणि सहा मीटर लंगडी, असा तो संच असतो. दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी कामगिरी करावी, अशी अपेक्षा असते. लहानपणी अंगणात लंगडी घातलेल्यांना यात वेगळा फायदा मिळत नाही. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत घाईने खेळायला उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच अधिक असतो. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांचे तेच किंवा दुसऱ्या पायाचे एसीएल पुन्हा तुटल्याचे एकत्रित अभ्यास सांगतात. ऑपरेशननंतर पूर्वीच्या पातळीवर परतणारे सुमारे ६५ टक्के. मागे राहणाऱ्यांत गुडघा तयार असूनही मन तयार नसलेले बरेच असतात, म्हणून आता मनाच्या तयारीसाठीही प्रश्नावली भरून घेतात.

परतल्यानंतरही मांडीचे स्नायू, उडीनंतर गुडघा वाकवून उतरण्याची सवय आणि तोल यांची देखभाल आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावी लागते. फुटबॉल संघांसाठी तयार झालेला वीस मिनिटांचा वॉर्मअप याच घटकांचा बनलेला आहे, आणि असे कार्यक्रम नियमित केले तर एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. म्हणजे दुखापत झालेल्याने, न झालेल्याने, ऑपरेशन केलेल्याने आणि टाळलेल्याने करायचा व्यायाम थोड्याफार फरकाने एकच आहे. ज्याने तो आधी केला त्याला बाकीची माहिती सहसा लागत नाही.